बॉल आपला आहे

सगळ्यांना बसायला जागा मिळाली का? मागे उभे आहात ते जरा पुढे या. सतरंजीवर अजून जागा आहे.

आई, अन्वरचाचा, रुखसानाचाची, सोमवार मंडळाचे सगळे काका, पप्पांच्या यार्डातली मंडळी, आणि माझ्या शाळेतून आलेल्या मॅडम. तुम्ही आलात, बरं वाटलं. कोणी ड्यूटी बदलून आलंय, कोणी दुबईतल्या अल मनखूलहून बस बदलत अजमानपर्यंत आलंय. मी सदानंद यांची मुलगी, प्रणिता. रोज वर्गात मुलांसमोर बोलायची सवय आहे, म्हणून मला वाटलं होतं की आज बोलता येईल. काल घरी आरशासमोर उभी राहून पाहिलं. "माझे पप्पा" एवढं म्हटलं आणि पुढचं येईना. तेव्हा मधेच थांबले, तर तुम्हीही थांबा. कोणी पाणी घेऊन उठू नका. मी पुन्हा सुरू करीन.

ही सभा अन्वरचाचांच्या घरी घ्यायची की बाहेर एखादा हॉल बघायचा, यावर बरंच बोलणं झालं. इथे नको, असं बऱ्याच जणांचं मत होतं. मी म्हटलं, इथेच. पप्पा ज्या दाराबाहेर गेले ते हेच दार. तुम्ही सगळे त्याच दारातून आत आलात. तिथेच चपला काढल्यात. चपलांच्या रॅकशेजारी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल आहे, ते तुम्ही पाहिलं असेल. काहींनी पाहून नजर वळवली. मी इथून बघत होते.

त्या स्टुलाजवळ आत्ता एक माणूस उभा आहे. कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. मानेकाका. ते सर्वांच्या आधी आले, आणि अजून आत आलेले नाहीत. दार थोडं उघडं ठेवलंय, म्हणजे मी बोलते ते त्यांना ऐकू जातंय. मानेकाका, मी तुमच्याबद्दलही बोलणार आहे. जाऊ नका.

ज्यांना पप्पांचं वेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते.

पप्पा हमरिया फ्री झोनमध्ये एका यार्डात फोरमन होते. लोखंडाची मोठमोठी स्ट्रक्चर्स बनतात तिथे. मी शाळेत होते तेव्हा त्यांच्या यार्डात एक अमेरिकन इन्स्पेक्टर होता, डेलसाहेब. वेल्डिंगमध्ये खोट काढण्यात पटाईत. पप्पांचं आणि त्याचं पहिले सहा महिने पटलं नाही. मग एका सोमवारी तो सुजलेल्या चेहऱ्याने कामावर आला. पप्पांना वाटलं, घरी कोणी गेलं असेल. विचारलं तर म्हणाला, "माय टीम लॉस्ट." पप्पांनी त्याला चहा पाजला. तिथून हे सुरू झालं.

डेलसाहेब परत गेला तेव्हा त्याने पप्पांना त्याच्या टीमची लोकरीची टोपी दिली. त्याच्या गावात म्हणे नाकाचं पाणी गोठतं. पप्पांनी ती टोपी अजमानमध्ये घातली. ऑगस्टमध्ये. खाली दुकानातला माणूस विचारायचा, "भाईसाब, बुखार है क्या?"

टीमचं नाव मी घेत नाही. इथल्या निम्म्या लोकांना ते पाठ आहे, आणि उरलेल्यांना ते ऐकून काही कळणार नाही. अमेरिकन फुटबॉलची टीम. हा फुटबॉल पायाने कमीच खेळतात. दोन्ही टोकांना निमुळता बॉल छातीशी धरून पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. आई त्याला ढकलाढकली म्हणते. टीम एका थंड शहरातली. आपल्यातल्या कोणीही ते शहर पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. आणि टीम हरणारी. जिंकता जिंकता हरणारी. पप्पांनी टीम निवडली ती टोपीबरोबर मिळाली म्हणून. आणि एकदा आपली म्हटली म्हणून सोडली नाही. मी एकदा म्हटलं, "जिंकणारी टीम का नाही घेत?" तर म्हणाले, "मुलगी पण बदलून घेऊ का? ती शेजारच्यांची पहिली आलीय."

पप्पांनी अन्वरचाचांना ओढलं. अन्वरचाचांनी यार्डातल्या क्रेनवरच्या मानेकाकांना ओढलं. असं करत सोमवार मंडळ झालं. दापोलीचे, गुहागरचे, साताऱ्याचे, एक जण थेट भुसावळचे. समोरच्या टेलरकडून सगळ्यांनी टीमच्या रंगाच्या जर्सी शिवून घेतल्या. तिकडे पाठीवर खेळाडूचं नाव असतं, यांनी आपापल्या गावाचं नाव घातलं. पप्पांच्या पाठीवर 'गुहागर'. मी तो फोटो माझ्या शाळेत दाखवला तेव्हा एका मुलाने विचारलं, "मिस, हू इज गुहागर? इज ही गुड?"

मॅच असतात रविवारी, तिकडच्या दुपारी. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र, आणि सोमवारी पहाटे कंपनीची बस. म्हणून मंडळाचा नियम झाला, की कोणी रात्री जागायचं नाही. सोमवारी फजरची, म्हणजे पहाटेची अजान झाली की अन्वरचाचांकडे जमायचं आणि रेकॉर्डिंग बघायचं. मधले ब्रेक आणि जाहिराती काढून टाकलेलं, पाऊण तासाचं. मग चहा, पोहे, आणि बस. कोणाला स्कोअर आधी कळू नये म्हणून दारातच सगळ्यांचे फोन काढून घ्यायचे आणि पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. झाकण लावून डबा फ्रीजवर. हा डबा लक्षात ठेवा.

अजून एक नियम होता, तो डेलसाहेबाने शिकवलेला. तिकडे स्टेडियममध्ये आपल्या टीमकडे बॉल असला, की सगळं स्टेडियम गप्प बसतं. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवणारा खेळाडू, ओरडून बाकीच्यांना सांगत असतो. ते त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. आणि समोरच्यांकडे बॉल गेला की बेंबीच्या देठापासून ओरडायचं, म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू येऊ नये. आता अजमानच्या चौथ्या मजल्यावरून ओरडलेलं कोणाला ऐकू जाणार होतं? पण मंडळाने नियम पाळला. आपला बॉल, गप्प. त्यांचा बॉल, गोंगाट. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी आजींनी तक्रार केली, मग पप्पा त्यांना पोहे नेऊन द्यायला लागले.

आता स्टुलाबद्दल सांगते.

पहिल्या सीझनला टीम हरत होती. एका सोमवारी मानेकाका म्हणाले, "सद्या, तू पुढे सरकून बघायला लागलास की बॉल सुटतो. आज जरा बाहेर जाऊन चपला राख बघू." सगळे हसले. पप्पा पण हसले. उठून बाहेर गेले. आणि आत टीमने टचडाऊन केला, म्हणजे बॉल थेट शेवटच्या रेषेपार नेला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी कोणाला सांगावं लागलं नाही. पप्पा आपणहून स्टूल घेऊन बाहेर जाऊन बसले.

तेव्हापासून ते तिथेच बसत. सीझनमागून सीझन. टीम जिंकली की पप्पा बाहेर होते म्हणून. हरली की पप्पांनी फटीतून बघितलं असणार म्हणून.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीसाठी इथे आले तेव्हा. पहिलाच सोमवार होता. आईने पोह्यांवर घालायला खोबरं किसून दिलं होतं, ते घेऊन मी चौथ्या मजल्यावर आले. बघते तर माझे पप्पा बंद दाराबाहेर, चपलांच्या रॅकजवळ, स्टुलावर. डोक्यावर लोकरीची टोपी. समोरच्या चपला जोडीने लावत होते.

मी म्हटलं, "पप्पा, इथे काय करताय?"

ते म्हणाले, "हळू बोल. बॉल आपला आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"सगळे गप्प आहेत ना."

मी तिथेच उभी राहिले. आतून एकदम ओरडा सुरू झाला. पप्पांचं तोंड उतरलं. "गेला," म्हणाले. "त्यांच्याकडे गेला."

मला काय वाटलं, ते आज सांगते. मला वाटलं, ज्या माणसाने मला शिकवलं त्याला यांनी चपलांजवळ बसवलंय. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आत्याने दहावीनंतर माझ्यासाठी स्थळ आणलं तेव्हा पप्पांनी इथून फोन करून सांगितलं होतं, की पोरगी शिकेल. दुसऱ्या वर्षाला फिजिक्सचा पेपर गेला आणि मी हॉस्टेलमधून रडत फोन केला, तेव्हा म्हणाले, "आमच्या खेळात दहा यार्ड जायला चार चान्स असतात. तुझा एकच गेलाय. फोन ठेव आणि अभ्यासाला बस." असा माझा बाप. आणि तो बाहेर.

त्या संध्याकाळी मी घरी भांडले. म्हटलं, "पप्पा, ते रेकॉर्डिंग आहे. मॅच रात्रीच संपलेली असते. तुम्ही आत बसा, बाहेर बसा, नाहीतर गच्चीवर जाऊन उलटे लटका, स्कोअर बदलणार आहे का?"

पप्पा म्हणाले, "तुला बीएस्सी कोणी केलं?"

"तुम्ही."

"मग मला सायन्स शिकवू नकोस. आपण बघितली नाही तोवर कुठे संपली?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा, हा माणूस असाच आहे. याचं पायपुसणं करून टाकलंय तरी हसतोय."

तेव्हा मात्र पप्पा गंभीर झाले. म्हणाले, "अगं, ते आत बसतात ते नुसतं बघतात. टीमसाठी काही करणारा मी एकटा आहे."

मला हे तेव्हा पटलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, हा अन्याय आहे, आणि तुम्ही तो गोड मानून घेताय. पुढे एकदा मानेकाका स्वतः म्हणाले होते, "सद्या, आज तू आत बस, मी बाहेर बसतो." पप्पांनी ऐकलं नाही. "तुला ब्लडप्रेशर आहे, तुला बाहेर बसवून कसं चालेल? आणि तुझा आवाज बाहेर राहिला तर आत ओरडणार कोण?"

अन्वरचाचांची नात एकदा दार उघडून बाहेर आली होती. तिने विचारलं, "अंकल, व्हाय आर यू ऑलवेज आउटसाइड?"

पप्पा म्हणाले, "बेटा, आय ॲम डिफेन्स."

थांबते जरा.

हं.

त्या सोमवारी काय झालं ते मी आता सांगणार आहे. इथे अनेकांना ते माहीत आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. लिफ्टमध्ये, यार्डाच्या कँटीनमध्ये वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतात. पप्पांबद्दल अर्धवट काही बोललं जाऊ नये, म्हणून पूर्ण सांगते.

सीझनच्या शेवटी ज्या मॅच असतात त्यात हरलं की खलास. आपली टीम कित्येक वर्षांनी तिथवर पोहोचली होती. आदल्या दिवशी पप्पा खांदा अवघडलाय म्हणाले. आईने बाम चोळून दिला. पहाटे उठून अंघोळ केली, जर्सी घातली, टोपी घातली. इथे आल्यावर फोन डब्यात टाकला. हो, बाहेर बसणाऱ्याचा फोनही डब्यातच जायचा. बाहेर एकटा बसून स्कोअर बघितला तर? नियम पप्पांनीच केलेला होता.

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. आपली टीम थोडी मागे होती आणि शेवटची संधी आपली होती. बॉल आपला. म्हणजे इथे, या हॉलमध्ये, दहा माणसं श्वास रोखून गप्प. तेव्हा बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला.

रुखसानाचाची किचनमधून बाहेर आल्या. "बाहर कुछ गिरा क्या?" असं म्हणून त्या दाराकडे निघाल्या.

मानेकाका म्हणाले, "भाभी, दार नका उघडू. आपला बॉल आहे."

चाची थांबल्या.

टीमने टचडाऊन केला. जिंकली. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. अन्वरचाचांनी दार उघडलं आणि ओरडले, "सदा! यल्ला, आत ये, जिंकलो!"

स्टूल आडवं पडलं होतं. पप्पा रॅकला टेकून खाली बसलेले होते. टोपी हातात होती. चपला सगळ्या जोडीने लावलेल्या होत्या.

हे मला कोणी सांगितलं? मानेकाकांनी. त्यांनी पोलिसांना सांगितलं, हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मग मला सांगितलं, मग आईसमोर उभं राहून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. चाची काही बोलल्या नसत्या. मंडळातलं कोणीच बोललं नसतं. "दार उघडू नका असं मी म्हणालो," हे वाक्य मानेकाका जसंच्या तसं सगळीकडे सांगत फिरले.

मी डॉक्टरांना विचारलं, दार लगेच उघडलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. डॉक्टर चांगले होते, मला खुर्ची दिली, आणि म्हणाले, "बेटी, सच में नहीं बता सकता."

म्हणून मी इथे उभी राहून, काही फरक पडला नसता, असं म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. फरक पडला असता, असंही म्हणणार नाही. तेही मला माहीत नाही. मला उत्तर हवं होतं. मी सायन्सची मुलगी, मला उत्तर नसलेला प्रश्न सहन होत नाही. पण हा तसाच राहणार आहे. माझ्याकडेही आणि मानेकाकांकडेही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. पप्पांना हाक मारता आली नाही, की त्यांनी मारली नाही? दार हाताच्या अंतरावर होतं. आतली शांतता त्यांना ऐकू येत होती. त्या शांततेचा अर्थ त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा नीट कळायचा. ते काय विचार करत होते, कोणास ठाऊक. मी रोज झोपायच्या आधी ठरवते, की त्यांना हाक मारता आली नाही. सकाळी उठल्यावर मला माझ्या बापाचा स्वभाव आठवतो.

त्यानंतर जे काही करायचं होतं ते सगळं मंडळाने केलं. मला कागदांमधलं काही कळत नव्हतं. पोलीस, हॉस्पिटल, कॉन्सुलेट, विमानाचं कार्गो. आपल्या माणसाला गावी न्यायचं तर किती दारं ठोठावावी लागतात! प्रत्येक दाराशी मानेकाका होते. पण दाराशीच. आत मी आणि अन्वरचाचा जायचो. मानेकाका बाहेर उन्हात उभे. घरी कागद द्यायला आले तर उंबऱ्याबाहेरून द्यायचे. आई आतून म्हणायची, "तिथेच ठेवा."

आई, मी हे बोलते आहे, मला माफ कर. पण तू मला म्हणालीस, "इतकी वर्षं माझ्या माणसाला चपलांजवळ बसवलं. आता तो बसू दे." आणि मला ते पटलं होतं. अगदी बरोबर वाटलं होतं. न्याय म्हणजे हेच, असं वाटलं होतं.

गुहागरला आम्ही सगळं करून परत आलो. मी शाळेत गेले. पहिल्या तासाला एक मुलगा उभा राहिला, तोच, ज्याने गुहागर कोण म्हणून विचारलं होतं. म्हणाला, "मिस, युअर डॅड्स टीम लॉस्ट. द वेरी नेक्स्ट वीक." तुमच्यापैकी कोणी ती मॅच बघितली नव्हती. मंडळात कोणालाच ते बोलायचं नव्हतं. मी त्याला "सिट डाऊन" म्हटलं आणि फळ्याकडे वळले.

आणि फळ्याकडे तोंड करून, हातात मार्कर घेऊन, बीएस्सी फिजिक्स झालेली मी, माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? बाहेर कोणी बसलेलं नव्हतं ना, म्हणून हरले.

एका क्षणासाठी मी ते अगदी खरं मानलं. मग तिथेच, वर्गात, मला रडू आलं. ज्या वेडाला मी नावं ठेवत होते ते माझ्यातही होतं. आपल्याला काही करता येत नाही, हे कोणाला सहन होतं? इतक्या लांब खेळणाऱ्या माणसांसाठी नाही, आणि घरातल्यांसाठी तर नाहीच. इथे आलेला प्रत्येक जण गावच्या आजारपणात, गावच्या लग्नात, गावच्या मरणात लांबून काहीतरी करत असतो. कोणी मीठ सोडतं. कोणी नमाज पढतं. पप्पा स्टुलावर बसायचे. आणि मानेकाका म्हणाले, दार उघडू नका. त्यांनाही तेव्हा वाटलं, की ते काहीतरी राखताहेत.

म्हणून मला राग नाही, असं समजू नका. राग आहे. एका माणसाला हसत हसत बाहेर बसवता येतं, आणि तो हसतोय म्हणून कोणी पुढे विचारत नाही, याचा मला राग आहे. त्यात मंडळातले सगळे आले. फक्त एकट्या मानेकाकांना बाहेर उभं करून बाकीच्यांनी आत सुटका करून घेऊ नये. चपला राखायला सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. पोहे सगळ्यांनी खाल्ले.

अन्वरचाचांनी टीव्हीवर चादर टाकलीय. मंडळ बंद म्हणतात. जर्सी बांधून कुठेतरी देऊन टाकायच्या म्हणतात. ते तुम्ही ठरवा. मी मंडळाची सभासद नाही. मला चार चान्सपलीकडे खेळ कळत नाही. पण मी त्यांची मुलगी आहे, आणि एक गोष्ट मागायचा मला हक्क आहे.

यापुढे या दाराबाहेर कोणी बसायचं नाही. मॅच असो, नसो. टीम हरली तर हरू दे. कोणी उभंही राहायचं नाही. पप्पा बाहेर बसले ते कोणा दुसऱ्याला बसायला लागू नये म्हणून. आता त्यांच्या जागी मानेकाकांना बसवलं, तर मला वाटतं, ते स्टूल हिसकावून घ्यायला परत येतील.

अन्वरचाचा, दार उघडा ना. पूर्ण उघडा.

मानेकाका, या. नाही, मला काही सांगू नका. तुमचं सगळं सांगून झालंय. चपला तिथेच राहू द्या. ते स्टूलही घेऊन या आत. हो, तेच. द्या इकडे. इथे ठेवा, मध्ये, टीव्हीसमोर. त्याच्यावर आज कोणी बसायचं नाही. आई, पप्पांच्या जर्सीची घडी तुझ्याकडे आहे ना? ठेवशील का त्यावर? नको असेल तर राहू दे.

ठेव. टोपीही ठेव.

बसा मानेकाका. तिथे भिंतीपाशी नको. इकडे या. आई सरकतेय. आईच्या शेजारी बसा.

पप्पा, तुम्ही आत आलात. इतक्या वर्षांनी. आता बघा काय बघायचं ते. हरलो तर हरलो.

मंडळी, आता मी तुम्हाला थोडा वेळ गप्प राहायची विनंती करणार आहे. ही शांतता कशी राखायची ते मंडळाला शिकवावं लागणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी शेजारच्याकडे बघून करा. फोन बंद करा. डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल. मुलांनी हालचाल केली तर रागवू नका.

आणि या वेळी बाहेर काही वाजलं, कोणी पडलं, कोणी हाक मारली, तर ही शांतता मोडायची आणि धावत जाऊन दार उघडायचं. एवढा एक नियम मी बदलते आहे.

उभे राहा.

बॉल आपला आहे.